सौम्य अर्बुदे आणि तीव्र किरण

राजस्थानातील अबूच्या पहाडास प्राचीन ग्रंथांत ‘अर्बुद’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत तोच शब्द शरीरातील एका प्रकारच्या गाठीस लाविलेला आहे. आधुनिक वैद्यक अशा गाठींचे सौम्य व मारक असे दोन वर्ग करते. परंतु डोके व मान यांच्या प्रदेशात ‘सौम्य’ हे विशेषण फसवे ठरते. कवटीच्या तळाशी, जेथून श्रवणाची व गिळण्याची नाडी जाते, तेथे सुपारीएवढी गाठही मनुष्यास बहिरे करू शकते. अशा गाठीवर किरण सोडावेत काय, हा प्रश्न म्हणूनच जुना आहे.

राँटगेन याने क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लावला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड याने एका बालिकेच्या पाठीवरील केसाळ जन्मखुणेवर त्यांचा प्रयोग केला. केस गळाले, पण जखमही चिघळली. या पहिल्याच प्रकरणात लाभ व हानी दोन्ही नोंदली गेली होती.

उत्साहाच्या भरात ती नोंद विसरली गेली. अमेरिकेत मुलांच्या टॉन्सिलांवर व थायमस ग्रंथीवर, तर इस्राएलात हजारो मुलांच्या डोक्यातील खवड्यावर किरण दिले गेले. १९५० मध्ये डफी व फिट्झगेराल्ड यांनी दाखविले की, थायरॉइडचा कर्करोग झालेल्या कित्येक मुलांच्या थायमसवर पूर्वी किरण दिलेले होते. खवड्याच्या रुग्णांत तर काही दशकांनी मेंदूच्या आवरणाची अर्बुदे अधिक आढळली. ज्या किरणांनी अर्बुद आवरावे, त्यांनीच ते जन्मास घातले!

तथापि विज्ञानाने किरण टाकून दिले नाहीत, त्यांस शिस्त लाविली. स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल याने १९६८ मध्ये अनेक बारीक किरणशलाका एकाच बिंदूवर मिळविणारा ‘गॅमा नाइफ’ प्रचारात आणला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात तो १९९७ मध्ये आला. श्रवणनाडीच्या गाठीस त्याने एकाच बैठकीत सुमारे १२ ते १३ ग्रे मात्रा देतात. कानाजवळील ग्लोमस गाठीस नेहमीच्या पद्धतीने सुमारे ४५ ते ५० ग्रे, पाच आठवड्यांत विभागून, देता येते. गाठ नाहीशी करणे हा येथे हेतू नसतो. तिची वाढ थांबली म्हणजे पुरे.

आम्हा जयपूरवासी मराठी मंडळींस यात एक जवळीक वाटते. आपल्या अणुभट्ट्यांतील कोबाल्ट-६० कोट्यापलीकडील रावतभाटा येथे उपचारयोग्य केला जातो, आणि तो वापरणारे ‘भाभाट्रॉन’ यंत्र ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी घडविले.

परंतु साधन घरचे झाले म्हणून विवेक सुटता कामा नये. वृद्धाच्या ग्लोमस गाठीस किरण शस्त्राहून सुखकर ठरू शकतात. कुमारवयीन मुलाच्या नाकामागील रक्ताळ गाठीस मात्र प्रथम शस्त्राचाच विचार करावा, कारण त्याच्यापुढे सारे आयुष्य पडलेले असते. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या आम्हांस एवढे कळते की, आज केलेल्या खर्चाची वसुली कधी कधी तीस वर्षांनी होते. तेव्हा ती कोणाच्या खाती पडणार, हे आधी पाहिले पाहिजे.