अंकांत मोजलेला खेळाडू : बर्फावरील हॉकीच्या व्हिडिओ गेममधील गुणांकन व वास्तवता

इतिहासाच्या अभ्यासकास साधने दोन प्रकारची मिळतात. काही साधने आपण होऊन साक्ष देण्यासाठी निर्माण झालेली असतात. बखरी व शिलालेख या वर्गात मोडतात. दुसरी साधने वेगळ्याच प्रयोजनाने निर्माण होतात आणि साक्ष मात्र नकळत देऊन जातात. जमाखर्चाच्या वह्या, हजेरीपट, बाजारभावाची टिपणे ही त्यांची उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात ज्या साधनाचा विचार करावयाचा आहे, ते या दुसऱ्या वर्गातील आहे. बर्फावरील हॉकीच्या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक खेळाडूस वेग, अचूकता, बळ, दम इत्यादी गुणांसाठी अंक दिलेले असतात. करमणुकीपलीकडे त्यांचा काही उद्देश नाही. तथापि एखाद्या समाजाने एका विशिष्ट काळी मनुष्याचे कौशल्य कशात आहे असे मानले, त्यातील काय मोजले आणि काय सोडून दिले, याची इतकी स्पष्ट नोंद अन्यत्र क्वचितच सापडेल. आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानावरील खेळच डोळ्यांपुढे येतो. येथे विवक्षित असलेला खेळ मात्र कॅनडा, अमेरिका व उत्तर युरोप या प्रदेशांतील असून तो चेंडूऐवजी रबराच्या चपट्या चकतीने, म्हणजे ‘पक’ने, खेळतात, हे आरंभीच ध्यानी घ्यावे.

या अंकांची पूर्वपीठिका संगणकाहून जुनी आहे. टोरांटोच्या डोनाल्ड मन्रो याने 1930 च्या दशकाच्या आरंभी, मंदीच्या दिवसांत, घरच्या मुलांसाठी लाकडी मेजहॉकी बनविली. त्या खेळात पक हलत होता, टोला बसत होता, परंतु सर्व खेळाडू सारखेच होते. याच्या अगदी उलट दिशेने गेले ते अमेरिकेतील फाशांचे व पत्त्यांचे खेळ. हॅल रिचमन याने 1961 मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा बेसबॉलचा खेळ विक्रीस आणला आणि पुढे 1970 च्या दशकात त्याच पद्धतीचा हॉकीचा खेळ निघाला. यात खेळाडू दिसत नाही व हलतही नाही. त्याच्या नावाचा एक पत्ता असतो, आणि गतहंगामातील त्याच्या कामगिरीवरून काढलेल्या संभाव्यता त्या पत्त्यावर छापलेल्या असतात. पहिल्या परंपरेची वास्तवता इंद्रियांची होती, दुसरीची आकडेवारीची. व्हिडिओ गेमचा पुढील सारा इतिहास या दोन वास्तवतांना एकत्र नांदविण्याच्या खटाटोपाचा इतिहास आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

1980 च्या दशकात हा मेळ अत्यंत ढोबळ होता. कोनामी या जपानी संस्थेच्या ‘ब्लेड्स ऑफ स्टील’ (1987) या खेळात आवेश भरपूर होता. खेळाडूंची मारामारी होई आणि तीत जो हरे त्यालाच शिक्षेच्या कोठडीत जावे लागे! निन्टेन्डोच्या ‘आइस हॉकी’मध्ये (1988) मात्र गुणांकनाचे बीज आढळते. तेथे खेळाडूंचे तीनच नमुने होते : सडपातळ, मध्यम व लठ्ठ. सडपातळ खेळाडू चपळ पण धडकेत कमजोर. लठ्ठ खेळाडू संथ, परंतु त्याचा टोला जबरदस्त. मध्यम खेळाडू दोहोंच्या मधला. संघ राष्ट्रांचे होते, व्यक्तींना नावे नव्हती. एक गुण हवा असल्यास दुसरा सोडावा लागतो, हे तत्त्व येथे अंकांवाचून केवळ देहाकृतीने सांगितले होते.

व्यक्तीला नाव मिळाले आणि चित्र बदलले. हा बदल तंत्रापेक्षा कायद्याने अधिक घडविला, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन संस्थेने 1991 मध्ये सेगाच्या यंत्रासाठी ‘एनएचएल हॉकी’ प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्यापाशी नॅशनल हॉकी लीगची परवानगी होती, पण खेळाडूंच्या संघटनेची नव्हती. त्यामुळे संघांची चिन्हे खरी होती, मात्र खेळाडू केवळ पाठीवरील क्रमांकांनी ओळखावे लागत. पुढील वर्षीच्या ‘एनएचएलपीए हॉकी 93’ मध्ये स्थिती नेमकी उलटी झाली. खेळाडूंची नावे आली आणि लीगची चिन्हे गेली. दोन्ही परवाने एकत्र आले ते 1993 च्या ‘एनएचएल 94’ मध्ये. पण त्याच वेळी त्या खेळातून मारामारी वगळण्यात आली. ती 1995 च्या आवृत्तीत परतली. या मधल्या काळात खऱ्या बर्फावरील मारामारी थांबली होती असे नव्हे. म्हणजे वास्तवतेची मर्यादा यंत्राने जितकी आखली, तितकीच वास्तवाच्या मालकांनीही आखली.

‘एनएचएल 94’ चे सेगा यंत्रावरील रूप गुणांकनाच्या अभ्यासास फार उपयुक्त आहे. एक तर त्यातील अंक सर्वांस पाहता येत. दुसरे असे की तो खेळ आजही हौसेने खेळला जातो आणि खेळणाऱ्यांनी त्याची अंतर्रचना उकलून पाहिली आहे. या उकलीतून एक चमत्कारिक गोष्ट बाहेर आली. अंगाने धडक देताना वजनाचा हिशेब तेथे उलटा लागतो, आणि त्यामुळे हलका खेळाडू भारी खेळाडूस सहज लोळवितो. पडद्यावरचा तक्ता भारी गड्याचे बळ सांगत असे. खेळाचे गणित मात्र हलक्याच्या बाजूने कौल देई. तक्ता वाचून संघ निवडणारा येथे फसत असे, आणि अनुभवाने शिकलेला जिंकत असे. लिखित आज्ञा व प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असते, हे आपण राजशासनाच्या इतिहासात नेहमी पाहतो. सनदेत लिहिलेला हक्क आणि गावात चाललेली वहिवाट यांची गल्लत करू नये, हा नियम येथेही लागू पडतो.

आता मुख्य प्रश्न असा की, हे अंक येतात कोठून? त्याचे उत्तर अंशतः खेळाच्या नोंदवहीत आहे. नॅशनल हॉकी लीग 1917 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नोंदी मुख्यतः गोल, गोलास साहाय्य व शिक्षेची मिनिटे यांच्या होत्या. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने किती गोल केले व किती स्वीकारले, याचा अधिकृत हिशेब 1967-68 च्या हंगामापासून ठेवण्यात येऊ लागला. प्रत्येक खेळाडू किती वेळ बर्फावर होता याची अधिकृत नोंद तर 1997-98 पासूनची आहे. म्हणजे गोल करणाराचे कर्तृत्व प्रथमपासून कागदावर आले आणि गोल होऊ न देणाराचे कर्तृत्व दीर्घकाळ केवळ पाहणाराच्या स्मरणात राहिले. माँट्रियलच्या बॉब गेनीचे उदाहरण पाहावे. बचावात निपुण असलेल्या आघाडीच्या खेळाडूसाठी 1978 मध्ये सेल्की चषक सुरू झाला, तो पहिली चारही वर्षे गेनीनेच मिळविला. परंतु एका हंगामात त्याने 23 हून अधिक गोल कधीच केले नाहीत. केवळ नोंदवहीवरून त्याचे गुणांकन करू जाणारास तो मध्यम प्रतीचा वाटेल; त्याला मोठेपण देणारी साक्ष वृत्तपत्रकारांच्या डोळ्यांची होती. यास्तव गुणांकन करणारास आकडा व दृष्टी ही दोन्ही वापरावी लागतात, आणि दृष्टी जेथे येते तेथे पक्षपात व कीर्तीचा प्रभावही येतो.

वेन ग्रेट्झ्कीच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. 894 गोल व 1963 साहाय्ये, एकूण 2857 गुण, ही त्याची कारकीर्द. त्याचे गोल अलेक्झांडर ओवेच्किनने 2025 च्या एप्रिलमध्ये मागे टाकले. परंतु ग्रेट्झ्कीची नुसती साहाय्येच इतर कोणाही खेळाडूच्या एकूण गुणांहून अधिक भरतात. असे असून तो ना सर्वांत बलवान होता, ना सर्वांत वेगवान. पक कोठे जाणार आहे हे त्याला इतरांआधी कळे. बळ, वेग, टोला, अचूकता असे गुण वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज करणाऱ्या पद्धतीपुढे हा मनुष्य एक कोडे होऊन उभा राहतो. ‘जाण’ नावाचा एक रकाना काढून त्यात पैकीच्या पैकी अंक भरता येतात. पण यंत्रात ती जाण वापरावयाची कोणी? पडद्यावरील ग्रेट्झ्की चालविणारा मनुष्य स्वतःच्याच बुद्धीने चालवितो. खेळाडूचे शरीर उसने देता येते, त्याची दृष्टी देता येत नाही.

याच पेचातून दोन मार्ग फुटले. रिस्टो रेमेस या फिन्निश निर्मात्याने आरंभी विनामूल्य दिलेला आणि 2004 पासून स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या ब्रिटिश संस्थेने विकसित केलेला ‘ईस्टसाइड हॉकी मॅनेजर’ हा पत्त्यांच्या परंपरेचा वारस होय. त्यात खेळणारा व्यवस्थापक असतो, खेळाडू नव्हे. गुण 1 ते 20 या मापात दिलेले असतात, आणि तरुण खेळाडू पुढे कोठवर जाईल याचा अंदाजही आत साठविलेला असतो. जाणीव येथे यंत्राकडे सोपविलेली असल्याने तिचा अंक खरोखर काम करतो. दुसरा मार्ग हाताच्या खेळाचा. ‘एनएचएल 07’ मध्ये (2006) हातातील छोट्या दांडीने हॉकीची काठीच फिरविण्याची सोय झाली आणि कौशल्याचा भार अंकांवरून खेळणाराच्या बोटांवर सरकला.

या दुसऱ्या मार्गात एक गणिती विसंगती अटळ आहे. खरा सामना 60 मिनिटांचा असतो. त्यात प्रत्येक संघ सुमारे 30 टोले गोलावर मारतो आणि गोलरक्षक त्यांतील 10 पैकी 9 अडवितो असे धरल्यास प्रत्येक संघाचे 3 गोल होतात. घरी खेळणारास इतका वेळ नसतो; तो 5 मिनिटांचे तीन डाव खेळतो. खऱ्या गतीने त्या 15 मिनिटांत सात-आठ टोले व एखादाच गोल व्हावयाचा. तीन गोल हवे असतील तर गोलरक्षकाने 100 पैकी 60 टोलेच अडवावेत असे करावे लागेल, नाहीतर टोल्यांची गती चौपट करावी लागेल. निकाल खरा ठेवला तर गोलरक्षक अथवा गती खोटी ठरते. ती दोन्ही खरी ठेवली तर निकाल खोटा ठरतो. वास्तवता ही एकसंध वस्तू नसून परस्परविरोधी मागण्यांतील तडजोड आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कालभेदाने ही तडजोड आणखी बिकट होते. 1981-82 च्या हंगामात दर सामन्यास दोन्ही संघांचे मिळून सरासरी सुमारे 8 गोल होत. 2003-04 मध्ये ते सुमारे 5 वर आले. जुने वीर व आजचे खेळाडू एकाच संघात घालणाऱ्या खेळांत त्या काळातील गोलरक्षकास अंक कोणत्या काळाच्या मापाने द्यावयाचे? त्याच्या समकालीनांशी तुलना करावी, की आजच्यांशी? इतिहासलेखनातील कालविपर्यासाचा प्रश्न येथे नव्या वेषात पुढे येतो.

कोणास मोजावयाचे हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. या मालिकेत हेली विकेनहायझर व अँजेला रुजिएरो या प्रख्यात स्त्री खेळाडूंचा समावेश 2012 मध्ये झाला. 2022 च्या आवृत्तीच्या वेष्टनावर सेरा नर्स ही पहिली स्त्री झळकली, आणि 2024 च्या अखेरीस स्त्रियांच्या व्यावसायिक लीगचे संघ आले. विकेनहायझरने 2012 पूर्वीच ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके जिंकलेली होती. जो अंकांच्या तक्त्यात नाही तो खेळात नव्हताच, असा समज त्या तक्त्यावर वाढलेल्या पिढीचा झाला असेल, तर तो तक्त्याच्या मौनाचा परिणाम होय. दप्तरात ज्यांचे नाव नाही त्यांचा इतिहास नाही, ही चूक आपण फार वर्षे केली आहे.

2021 पासून लीगने पक व खेळाडू यांच्या हालचालींचे यांत्रिक मापन सुरू केले, आणि 2025 च्या ‘एनएचएल 26’ मध्ये ही माहिती खेळाडूंच्या वर्तनास आधारभूत घेतल्याचे निर्मात्यांनी जाहीर केले. वेग आता अंदाजाने ठरवावा लागत नाही, ही मोठीच प्रगती होय. पण खेळाडू कोठे गेला हे यंत्र सांगते. तो तेथे का गेला, हे सांगत नाही. म्हणून हे तक्ते साधन म्हणून वापरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने चार गोष्टी विचाराव्यात : अंक कोणी दिला, त्यावेळी कोणत्या नोंदी उपलब्ध होत्या, तो अंक खेळाच्या गणितात खरोखर कसा लागू पडत होता, आणि तक्त्याबाहेर कोण राहिले. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर खेळाडूविषयी कदाचित थोडेच कळेल; परंतु त्याला मोजणाऱ्या काळाविषयी पुष्कळ कळेल, आणि इतिहासकारास तेच हवे असते.