द टिंटेड व्हीनस

एफ. अ‍ॅन्स्टी (मूळ नाव थॉमस अ‍ॅन्स्टी गथ्री, १८५६–१९३४) या इंग्रज विनोदकाराची १८८५ साली प्रसिद्ध झालेली अद्भुतरम्य प्रणयकादंबरी. लिअँडर ट्वेडल हा लंडनमधील केशकर्तनकार वाग्दत्त वधूसाठी घेतलेली अंगठी उद्यानातील एका पुतळ्याच्या बोटात सहज घालतो. पुतळ्यात प्रेमदेवता अवतरते आणि त्याच्यावर हक्क सांगू लागते. ग्रीक-रोमन पुराणांतील सामर्थ्यशाली देवता आणि भेदरलेला साधा कारागीर यांच्या विसंगतीतून येथे हास्य फुलते. पण आज्ञा करून प्रेम मिळत नाही, हे मर्मही त्याच हास्यातून उमगते. याच कथेवर आधारित ‘वन टच ऑफ व्हीनस’ हे कुर्ट वाइल यांनी संगीत दिलेले नाटक १९४३ साली ब्रॉडवेवर आले. १९४८ च्या चित्रपटात अ‍ॅव्हा गार्डनर यांनी व्हीनस साकारली.