भांडायला स्वतःचं घर

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवरचा दुपारी दोनचा तास वर्षानुवर्षं ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’चा होता. १९५६ साली सुरू झालेली ही मालिका १७ सप्टेंबर २०१० रोजी संपली आणि महिन्याभरात तिच्या जागी ‘द टॉक’ हा गप्पांचा कार्यक्रम आला. २०२४ च्या डिसेंबरात तोही आटोपला. २४ फेब्रुवारी २०२५ पासून त्या तासात पुन्हा रोजची मालिका लागली, ‘बियॉन्ड द गेट्स’. एनबीसीने १९९९ मध्ये ‘पॅशन्स’ सुरू केली, त्यानंतर तिथल्या एकाही मोठ्या वाहिनीने दुपारची नवी मालिका काढायचं धाडस केलं नव्हतं. पाव शतकाने निघालेल्या या मालिकेच्या केंद्रस्थानी डुप्री हे कृष्णवर्णीय घराणं आहे. सीबीएस आणि ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ चालवणारी प्रॉक्टर अँड गँबल हे दोन भागीदार ओळखीचे. तिसरा भागीदार मात्र मालिकांच्या धंद्यात नवखा आहे: १९०९ पासून नागरी हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी.

सीबीएस आणि एनएएसीपी यांची ओळख जुनी, आणि ती भांडणातून झालेली. ‘एमॉस अँड अँडी’ हा रेडिओवरचा तुफान लोकप्रिय कार्यक्रम. त्यातल्या कृष्णवर्णीय माणसांचे आवाज फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कोरेल हे दोन गोरे नट काढायचे. १९५१ मध्ये सीबीएसने तो टीव्हीवर आणला, या वेळी कृष्णवर्णीय नटांना घेऊन. त्याच वर्षी अटलांटाच्या अधिवेशनात एनएएसीपीने त्याविरुद्ध ठराव केला. डॉक्टर असो की वकील, कृष्णवर्णीय माणूस आळशी, मूर्ख किंवा लबाडच दाखवायचा, हा तिचा आक्षेप होता. दुसरी बाजूही होती. पडद्यावर आपल्या नटांना पहिल्यांदाच एवढं काम मिळतंय, तेही बंद पाडायचं का, असं विचारणारे त्या समाजातच होते. १९५३ मध्ये मालिका थांबली, पण जुने भाग फिरत राहिले. सीबीएसने ते मागे घ्यायला १९६६ उजाडलं.

दुपारच्या मालिकांचा इतिहास याहून सौम्य, पण तितकाच अडखळता. हा प्रकार साबणाच्या जाहिरातींवर वाढला. सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबलने १९३३ मध्ये ऑक्सिडॉल पावडर खपवण्यासाठी रेडिओवरची ‘मा पर्किन्स’ उचलून धरली, तिथून ही परंपरा चालत आली. या मालिकांमधली घरं गोऱ्यांची. कृष्णवर्णीय पात्र यायचं ते बहुधा इस्पितळातून. ‘गायडिंग लाइट’मध्ये १९६६ साली डॉक्टर जिम फ्रेझर आणि त्याची नर्स बायको मार्था आली. जिमचं काम बिली डी विल्यम्स आणि जेम्स अर्ल जोन्स यांनी, तर मार्थाचं सिसिली टायसन आणि रूबी डी यांनी केलं. नावं पाहिली तर डोळे विस्फारतात, भूमिका पाहिली तर नाही. १९६८ मध्ये मालिकालेखिका अ‍ॅग्नेस निक्सन यांनी ‘वन लाइफ टू लिव्ह’मध्ये कार्ला ग्रे आणली. आपण गोऱ्या आहोत असं भासवून जगणारी ही कृष्णवर्णीय मुलगी एलन हॉलीने उभी केली. ऐंशीच्या दशकात ‘ऑल माय चिल्ड्रन’मधल्या अँजी आणि जेसी या जोडीवर प्रेक्षकांनी जीव टाकला. जेसी १९८८ मध्ये मेला आणि २००८ मध्ये जिवंत परतला. मालिका अमेरिकेची असो की आपल्याकडची, मरण कुणी फारसं मनावर घेत नाही.

या सगळ्या पात्रांना एक अट होती, आणि मला ती महत्त्वाची वाटते. त्यांना चांगलं वागावं लागे. ‘एमॉस अँड अँडी’ने जे बिघडवलं ते निस्तरण्याचा भार जणू त्यांच्यावर टाकलेला. सोशिक डॉक्टर, समजूतदार पोलीस, नायिकेला सल्ला देणारी मैत्रीण. पण दुपारची मालिका चालते ती वाईट वागणाऱ्यांवर. सख्ख्या बहिणीचा नवरा पळवणारी, मृत्युपत्र दडवणारी, भर लग्नात ओरडणारी माणसंच पन्नास वर्षं लक्षात राहतात. ती मुभा घरच्यांना असते. पाहुण्याला सभ्य राहावं लागतं.

घर द्यायचा पहिला प्रयत्न एनबीसीने केला. २७ मार्च १९८९ रोजी ‘जनरेशन्स’ सुरू झाली. पहिल्या भागापासून कृष्णवर्णीय कुटुंबाला गोऱ्या कुटुंबाच्या बरोबरीचं स्थान देणारी ती पहिली मालिका. कथा शिकागोची, लेखिका सॅली ससमन. मार्शल कुटुंबाची आजी पूर्वी व्हिटमोर या गोऱ्या कुटुंबाकडे घरकाम करायची. आता तिच्या लेकीजावयाचा आइस्क्रीमचा धंदा आहे. मालक आणि मोलकरणीचं जुनं नातं दोन पिढ्यांनी उलटंपालटं होतं, ही कल्पना उत्तम होती. जागा मात्र वाईट मिळाली. अर्ध्या तासाच्या या नव्या मालिकेला एनबीसीने साडेबाराच्या वेळेत ‘द यंग अँड द रेस्टलेस’सारख्या बलाढ्य मालिकेसमोर उभं केलं. २५ जानेवारी १९९१ रोजी ती संपली. अशा मालिकेला प्रेक्षक जमवायलाच काही वर्षं लागतात. हिला दोनही धड मिळाली नाहीत. तिच्यातला क्रिस्टॉफ सेंट जॉन त्याच वर्षी त्या प्रतिस्पर्धी मालिकेत नील विंटर्स झाला आणि २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती भूमिका करत राहिला.

‘जनरेशन्स’च्या लेखकांत मिशेल व्हॅल जीन होत्या. पुढे त्यांनी ‘सँटा बार्बरा’, ‘जनरल हॉस्पिटल’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’साठी लिहिलं. यातली पहिली आणि शेवटची नावं मराठी वाचकाला परकी नसावीत. केबल नुकती घरात आली तेव्हा स्टार प्लसवर या दोन्ही मालिका लागायच्या, आणि त्यात कोण कुणाचं कोण हे लक्षात ठेवणं हा एक उद्योगच होता. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या व्हॅल जीन दुसऱ्यांच्या घरांची भांडणं तीन दशकं लिहीत होत्या.

तोवर हा धंदाच आटत गेला. बायका नोकरीला लागल्या, केबल वाढली, १९९५ मध्ये माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या खुनाच्या खटल्याने महिनोन्महिने दुपारचं वेळापत्रक विस्कटलं. ‘गायडिंग लाइट’ २००९ मध्ये गेली. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ २०२२ मध्ये टीव्ही सोडून पीकॉक या स्ट्रीमिंग सेवेवर गेली.

एनएएसीपीचा लढा दरम्यान रात्रीच्या कार्यक्रमांकडे वळला होता. १९९९ च्या हंगामासाठी चार मोठ्या वाहिन्यांनी २६ नव्या मालिका जाहीर केल्या आणि एकीतही मुख्य भूमिकेत अल्पसंख्याक नट नव्हता. तेव्हाचे अध्यक्ष क्वेसी एम्फ्युमे यांनी बहिष्काराची भाषा केली, वाहिन्यांशी करार झाले. पण त्यात संघटना तक्रार करणारी आणि वाहिनी ऐकून घेणारी, ही मांडणी बदलली नाही. ती बदलली जुलै २०२० मध्ये. मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली होती, देश रस्त्यावर होता. त्या वातावरणात सीबीएस आणि एनएएसीपी यांनी कार्यक्रमनिर्मितीसाठी अनेक वर्षांची भागीदारी जाहीर केली. तिची सूत्रं निर्मात्या शीला डक्सवर्थ यांच्याकडे आली. १९५१ मध्ये जिने ठराव केला, ती संघटना आता श्रेयनामावलीत होती. मला हा बदल ठरावांपेक्षा मोठा वाटतो. निर्मात्याच्या खुर्चीतल्या माणसाला पात्रं आधीच ठरवता येतात. निषेध करणाऱ्याला ती पडद्यावर आल्यावरच दिसतात.

मार्च २०२४ मध्ये व्हॅल जीन यांनी रचलेल्या ‘बियॉन्ड द गेट्स’ची घोषणा झाली, तेव्हा नाव फक्त ‘द गेट्स’ होतं. कथा मेरीलँडची, वॉशिंग्टनजवळच्या फेअरमाँट क्रेस्ट या काल्पनिक वसाहतीची, जिच्या फाटकाशी पहारा असतो. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडच्या उपनगरांत सधन कृष्णवर्णीय कुटुंबं खरोखरच मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे हे वैभव हवेतलं नाही. व्हर्नन डुप्री माजी सिनेटर, बायको अनिता एकेकाळची गाजलेली गायिका. या भूमिका क्लिफ्टन डेव्हिस आणि टमारा ट्यूनी करतात. ट्यूनी पूर्वी ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’मध्ये वकील होत्या, म्हणजे दुपारी दोनला त्या परतल्याच म्हणायचं. थोरली लेक निकोल मानसोपचारतज्ज्ञ. धाकटी डॅनी मात्र सुरुवातीलाच घटस्फोटित नवऱ्याच्या लग्नात पिस्तूल घेऊन पोचते. नवरी तिच्याच मुलीची मैत्रीण!

डॉक्टर जिम फ्रेझरला पिस्तूल परवडलं नसतं. डॅनीला परवडतं, कारण तिच्या आजूबाजूला डझनभर कृष्णवर्णीय माणसं आहेत, बरी, वाईट, बावळट, धूर्त. तिच्या वेडाचा हिशोब तिच्या अख्ख्या समाजाच्या नावावर मांडला जात नाही. व्हॅल जीन यांचं खरं कसब मला इथे दिसतं. खटकतं ते वेगळंच. या फाटकाआत पगाराची चिंता जवळपास कुणाला नाही. ‘जनरेशन्स’मधली घरकाम करणारी आजी इथे शोधून सापडत नाही. श्रीमंतीचं नेपथ्य हा या प्रकाराचा जुना कायदा आहे हे मान्य, तरी त्या आजीची उणीव जाणवते.

चित्रीकरण लॉस एंजेलिसला होत नाही. ते होतं अटलांटाजवळ डोराव्हिलच्या असेंब्ली स्टुडिओत. १९५१ चा ठराव झाला त्या शहराच्या वेशीवर. जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला, त्याच जागेवर हा स्टुडिओ उभा आहे. जॉर्जिया राज्य निर्मितीखर्चावर ३० टक्क्यांपर्यंत करसवलत देतं, हे कारण भावनेपेक्षा जड असणार. आठवड्याला पाच भाग पुरवायचे तर दिवाणखाने कायमचे लावून ठेवावे लागतात आणि पाठांतर रातोरात करावं लागतं.

पहिला भाग गेला त्याच आठवड्यात सीबीएसच्या मालक कंपनीने, पॅरामाउंटने, वैविध्याबाबतची आकड्यांतली उद्दिष्टं मागे घेत असल्याचं कर्मचाऱ्यांना कळवलं. २०२० मध्ये सीबीएसनेच लेखकांच्या चमूत ४० टक्के जागा गोरेतर लेखकांना देण्याचं जाहीर केलं होतं. ज्या वाऱ्यावर ही मालिका निघाली तो पडला होता. डोराव्हिलमध्ये तोवर पुढच्या कित्येक भागांचं चित्रीकरण उरकलेलं होतं.