शिधापत्रिका : नियंत्रणापासून हक्कापर्यंत

घरातील महत्त्वाची कागदपत्रे ज्या पेटीत ठेवलेली असतात, तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, घरपट्टीची पावती यांच्यासोबत शिधापत्रिका हमखास सापडते. उत्पन्नाचा दाखला काढावयाचा असो की मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो, आपण तिची झेरॉक्स काढतो, अर्जाला जोडतो आणि मूळ पत्रिका पुन्हा पेटीत ठेवून देतो. तिच्यावर काय छापले आहे, ते का छापले आहे आणि त्यावरून आपल्याला काय मागता येते, हे वाचणारी माणसे मात्र थोडी. या पत्रिकेमागे ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. युद्ध, दुष्काळ, परदेशी गहू आणि सर्वोच्च न्यायालय या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पालक आणि विद्यार्थी या दोघांनाही उपयोगी पडेल, म्हणून तो येथे थोडक्यात सांगत आहे.

युद्ध आणि दुष्काळ

आपल्याकडे रेशनिंग आले ते गरिबांच्या कळवळ्यातून नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून येणारा तांदूळ एकाएकी बंद झाला. मुंबई शहर आणि आपले कोकण यांना त्या तांदळाचा मोठा आधार होता. बाजारात भाव भडकले, साठेबाजी सुरू झाली. गिरण्या, गोदी, रेल्वे आणि दारूगोळ्याचे कारखाने चालू राहिले पाहिजेत, तर शहरातला कामगार उपाशी राहून चालणार नाही, असा सरकारचा हिशेब होता. डिसेंबर १९४२ मध्ये दिल्लीत स्वतंत्र अन्न खाते उघडले गेले आणि मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाला पत्रिका आणि प्रत्येकाला ठरावीक शिधा, अशी ती व्यवस्था होती.

त्याच वर्षी बंगालमध्ये काय घडत होते? खेड्यापाड्यांतील शेतमजूर, कोळी, कारागीर भुकेने मरत होते. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे १५ लाख सांगितला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळत होते, पण गावच्या मजुराला कोणी विचारीत नव्हते. कलकत्त्यात रीतसर शिधावाटप सुरू झाले ते जानेवारी १९४४ मध्ये, म्हणजे लाखो माणसे दगावल्यानंतर. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाचा अभ्यास करून दाखविले की, माणसे मेली ती केवळ धान्य नव्हते म्हणून नव्हे. जे धान्य होते, ते मिळविण्याचे बळ त्यांच्या हाती नव्हते, म्हणून ती मेली. वाचकहो, पुढचा सारा इतिहास या एका मुद्द्याभोवती फिरतो. धान्य किती पिकले, हा एक प्रश्न आणि ते मागण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा.

नियंत्रण उठले, पुन्हा आले

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १९४६ च्या आरंभी मोठ्या माणसाचा धान्याचा शिधा दिवसाला १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमवर आणला गेला. स्वातंत्र्य मिळाल्यावर गांधीजींनी नियंत्रणाविरुद्ध आवाज उठविला. नियंत्रणामुळे लाचलुचपत वाढते आणि माणसे परावलंबी होतात, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रण उठले. पण भाव इतके चढले की, सप्टेंबर १९४८ मध्ये ते परत आणावे लागले.

हा तिढा पुढे सोडविला तो रफी अहमद किडवाई यांनी. बाराबंकी जिल्ह्यातील हे स्वातंत्र्यसैनिक १९५२ मध्ये केंद्रात अन्न व कृषिमंत्री झाले. भीतीपोटी दडविलेले धान्य निर्बंध सैल केले की बाजारात येईल, असा त्यांचा अंदाज होता. पाऊसपाण्याने साथ दिली आणि १९५४ पर्यंत देशातील शिधावाटप जवळजवळ संपुष्टात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किडवाईसाहेबांचे निधन झाले.

गांधीजींचा आक्षेप खोटा नव्हता आणि किडवाईसाहेबांचे यशही खोटे नव्हते. मात्र बाजार मोकळा झाला की भरल्या खिशाच्या माणसाची सोय होते. रिकाम्या खिशाच्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच.

जहाजांची वाट

१९५६ मध्ये अमेरिकेशी करार होऊन पीएल-४८० या योजनेखाली तेथील गहू येऊ लागला. तो विकण्यासाठी रास्त भावाची दुकाने वाढली. १९६५-६६ च्या अवर्षणात देशातील धान्याचे पीक सुमारे ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर घसरले आणि १९६६ मध्ये १ कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन एकेका महिन्यापुरतीच जहाजे सोडीत. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते याच काळात. तांबडी मिलो ज्वारी ज्या घरांनी खाल्ली, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे दिवस वेगळे सांगावयास नकोत.

याच काळात दोन गोष्टी उभ्या राहिल्या. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि सुधारित बियाण्यांमुळे देशातच गहू-तांदूळ भरपूर पिकू लागला. सरकारने शेतकऱ्याकडून हमीभावाने धान्य घ्यावे, गोदामात साठवावे, राज्यांना वाटून द्यावे आणि ते तालुक्याच्या गोदामातून गल्लीतील दुकानात यावे, ही आजची साखळी तेव्हाची आहे. महाराष्ट्रातील कित्येक गावांत या दुकानाला अजूनही 'कंट्रोल'च म्हणतात. शब्द युद्धकाळचा, पण तोंडातून गेला नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने आणखी एक धडा घेतला. खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या मजुरांना मजुरी मिळाली आणि पोषणासाठी सुकडीही मिळाली. पुढे १९७७ मध्ये राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. संकटात मदत ही सरकारची मेहेरबानी नसून कायद्याने बांधलेले कर्तव्य आहे, हा विचार आपल्या राज्यात येथे प्रथम रुजला.

पिवळी, केशरी, पांढरी

१९९७ पर्यंत रेशन तत्त्वतः सर्वांसाठी होते. मात्र दुकाने शहरांत अधिक, दुर्गम भागांत तुरळक. त्या वर्षी जूनमध्ये धोरण बदलले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना धान्य फार स्वस्त आणि इतरांना जवळजवळ बाजारभावाने, अशी विभागणी झाली. आरंभी गरीब कुटुंबाला महिन्याला १० किलो धान्य ठरले. पुढे ते टप्प्याटप्प्याने ३५ किलो झाले. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी पत्रिका आल्या. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असेल तर पांढरी.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा गणित करा. १५,००० रुपयांना वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांनी भागा. उत्तर येते दिवसाला ५० रुपये. घरातील सर्वांची मिळून एवढीच कमाई असेल, तरच पिवळी पत्रिका. रिक्षा चालविणारा, यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा, हातगाडीवर केळी विकणारा माणूस या रेषेच्या वर गेला आणि कागदावर 'गरीब' राहिला नाही. रेषा आखताना चूक झाली की शिक्षा भोगतो तो रेषेच्या कडेला उभा असलेला माणूस.

न्यायालयाच्या दारात

२००१ साली देशाच्या सरकारी गोदामांत धान्याच्या थप्प्या लागल्या होत्या आणि राजस्थानसह अनेक राज्यांत दुष्काळ होता. उघड्यावर धान्य सडते आणि माणूस उपाशी झोपतो, हे कसे? हा प्रश्न घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश देऊन सरकारच्या आठ अन्नविषयक योजना लाभार्थींचा कायदेशीर हक्क ठरविल्या. योजना सरकारच्या मर्जीने बंद होऊ शकते. हक्क असा बंद करता येत नाही.

शाळेशी संबंधित भाग पाहा. १९९५ च्या योजनेत ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो धान्य घरी नेण्यासाठी मिळत असे. न्यायालयाने सांगितले, कोरडे धान्य नको, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले जेवण द्या. आज शाळेत मिळणाऱ्या खिचडीमागे हा आदेश आहे. एका ताटात, एका पंगतीत साऱ्या जातीधर्मांची मुले जेवतात, हा लाभ तर किलोत मोजताच येत नाही.

२०१३ चा कायदा

या लढ्यातून राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ निर्माण झाला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या त्याखाली येते. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, ३५ किलो धान्य ठरले. तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो असा भाव होता. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या दरम्यान टप्प्याटप्प्याने, माणशी ५ किलो जादा धान्य मोफत देण्यात आले. जानेवारी २०२३ पासून ती जादा योजना थांबली आणि कायद्याचे मूळ धान्यच मोफत झाले. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही मोफत व्यवस्था पुढे चालू ठेवण्यात आली.

"आमचे कार्ड केशरी आहे, शेजाऱ्याचेही केशरी, मग त्याला धान्य आणि आम्हाला का नाही?" हा प्रश्न अनेक पालक विचारतात. उत्तर असे की, कायदा लागू करताना राज्याने केशरी पत्रिकाधारकांतून शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना प्राधान्य यादीत घेतले. त्यामुळे केवळ रंग पाहून चालत नाही, यादीत नाव आहे का ते पाहावे लागते. शिवाय यादीचा एकूण आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्याने नंतर वाढलेल्या कुटुंबांना जागा अपुरी पडते.

आणखी एक हिशेब सांगतो. १९४६ च्या कमी केलेल्या शिध्याप्रमाणे माणसाला महिन्याला सुमारे १० किलो धान्य मिळे. आजचे प्रमाण ५ किलो आहे. तेव्हा विकत मिळणारा शिधा हेच जवळजवळ सारे धान्य होते, आज बाजार खुला आहे, हा फरक मान्य. तरीही ५ किलोत महिना निघत नाही, हे घर चालविणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. म्हणून जे ठरले आहे, ते तरी पुरते मिळालेच पाहिजे.

आपण काय करावे

कायद्याने दिलेल्या काही गोष्टी फारशा कोणी सांगत नाही, म्हणून त्या येथे नमूद करतो. शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षे पूर्ण झालेली सर्वांत वडील स्त्री ही कुटुंबप्रमुख मानली जाते. ठरलेले धान्य पुरविले गेले नाही, तर त्याऐवजी अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. तक्रारीसाठी जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग आहे. दुकानाची कागदपत्रे पाहण्याचा अधिकार जनतेला आहे आणि देखरेखीसाठी दक्षता समित्यांची तरतूद आहे. अंगठ्याचा ठसा यंत्रावर जुळला नाही, एवढ्याच कारणाने धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची सूचना २०१७ पासून आहे. कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसालाही आता 'एक देश, एक शिधापत्रिका' व्यवस्थेमुळे तेथील दुकानातून धान्य घेता येते.

पालकांनो, जन्मलेल्या मुलाचे नाव वेळेवर चढवा, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव राहू देऊ नका आणि निधन झालेल्या माणसाचे नाव प्रामाणिकपणे कमी करा. ज्यांची परिस्थिती सुधारली आहे, त्यांनी आपणहून यादीतून बाहेर पडावे. त्या जागेची वाट पाहणारे घर बहुधा आपल्याच मोहल्ल्यात असते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम आहे. या रविवारी घरची शिधापत्रिका काढा आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. नावे, वये, प्रकार, सारे तपासा. दुकानातून मिळणारी पावती आणि पिशवीतले वजन जुळते का ते पाहा. मग शेजारच्या ज्या आजीला वाचता येत नाही, तिचीही पत्रिका वाचून द्या आणि गरज असल्यास तिचा अर्ज लिहून द्या. बंगालच्या दुष्काळात ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्यातील बहुतेकांपाशी ना कागद होता, ना तो वाचणारे कोणी. आज कागद घराघरांत आहे आणि वाचणारे तुम्ही आहात. ही खैरात नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मान ताठ ठेवून मागावा आणि दुसऱ्यालाही मागावयास शिकवावे. शिक्षणाचा इतका उपयोग तरी आपल्या वस्तीला व्हावा.