घटका, भोंगा आणि विश्रांतीचा हक्क

ठरावीक वेळ मन लावून काम करावे, थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा कामाला लागावे, ही पद्धत आज विद्यार्थ्यांमध्ये चांगलीच रुळली आहे. तिचे प्रचलित नाव ‘पोमोदोरो’. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात लक्ष लागावे म्हणून स्वयंपाकघरातील टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ वापरले. टोमॅटोला इटालियनमध्ये ‘पोमोदोरो’ म्हणतात. पंचवीस मिनिटे काम, पाच मिनिटे विराम आणि अशी चार आवर्तने झाली की मोठा विराम, असा तिचा क्रम. या पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कामाचा आणि विश्रांतीचा वेळ मोजण्याला एक इतिहास आहे, आणि त्यात वेळ कोणाच्या हाती होती हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे वळू. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. अहोरात्रीच्या साठ घटका. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडले की ते हळूहळू भरून एका घटकेत बुडते. अहोरात्रात साठ वेळा बुडणाऱ्या अशा पात्राचे वर्णन ‘सूर्यसिद्धान्ता’त आढळते. ‘घडी’ आणि ‘घड्याळ’ हे शब्द याच ‘घटी’पासून आले. घटकेची चोवीस मिनिटे आणि पोमोदोरोची पंचवीस हा केवळ योगायोग आहे. त्यावरून ‘हे आमच्याकडे पूर्वीपासून होतेच’ असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. घटिकापात्राचे मुख्य काम मुहूर्त साधण्याचे आणि प्रहर ओळखण्याचे. मराठी वाक्प्रचारही हेच सुचवितात. ‘घटकाभर टेका’, ‘घटकाभर बसा’, ‘दोन घटका करमणूक’ असे आपण सहज म्हणतो. ‘घटकाभर राब’ असे मात्र क्वचितच कानी पडते. विश्रांती आणि सोबत यांच्याशी हा शब्द अधिक जोडला गेला.

मुंबईत कापडगिरण्या आल्या आणि हे चित्र पालटले. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीत १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस साधारणतः उजेडाबरोबर सुरू होई आणि उजेडाबरोबर संपे. त्यामुळे उन्हाळ्यात तो हिवाळ्यापेक्षा बराच लांबत असे. शेतकरीही सूर्याच्याच मापाने राबत होता, हे खरे. पण बांधावर भाकरी सोडायला केव्हा बसायचे, हे बहुधा तोच ठरवी. गिरणीत माणसाने यंत्राच्या चालीने चालायचे होते. ‘भोंगा’ हा शब्द गिरणगावाच्या जीवनात आणि पुढे कामगारांच्या साहित्यात इतका खोल रुजला, याचे कारण या बदलात आहे.

या पार्श्वभूमीवर नारायण मेघाजी लोखंडे यांचे कार्य पाहिले पाहिजे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे सिद्ध झालेल्या मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाने मन थबकते: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला भरपाई. सूर्यास्तापर्यंत राबण्यास ही माणसे तयार होती. त्यांना हवा होता मधला अर्धा तास. तो मिळविण्यासाठी सभा, अर्ज आणि सह्या यांत वर्षे गेली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि दुपारच्या अर्ध्या तासाची तरतूद १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात झाली. पुढे १९४८ च्या कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम न देता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचे सामान्य बंधन घातले.

विश्रांतीचा दुसरा प्रवाह अमेरिकेत दिसतो. फ्रेडरिक विन्स्लो टेलर याने १८९९ च्या सुमारास बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांवर प्रयोग केले. ९२ पौंडांचा ठोकळा वाहणाऱ्याच्या अंगावर दिवसाच्या ४३ टक्के वेळच भार असावा, उरलेला वेळ हात मोकळे असावेत, असा त्याचा सिद्धान्त. घड्याळ घेतलेला माणूस ‘उचल’ म्हणाला की उचलायचे, ‘बस’ म्हणाला की बसायचे. टेलरच्याच १९११ च्या ग्रंथातील आकड्यांनुसार एका मजुराचे दिवसाचे काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेले आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. पुढील संशोधकांनी या कथेच्या तपशिलांवर शंका घेतल्या आहेत. परंतु तिच्यामागील विचार स्पष्ट आहे. येथे विश्रांती दिली जाते ती उत्पादन वाढावे म्हणून.

परळचा अर्धा तास आणि बेथलेहेमचा विराम बाहेरून सारखेच दिसतील. दोन्हीकडे दमलेला माणूस बसलेला असतो. पण परळच्या कामगाराने तो वेळ स्वतःचा म्हणून मागितला होता. त्यात त्याने भाकरी खावी, बोलावे, डोळे मिटावेत. त्याचा हिशेब कोणाला देणे नव्हते. टेलरच्या मजुराच्या विसाव्याचा हिशेब मात्र संध्याकाळी टनांत होत होता.

पोमोदोरोत उचलण्याची आणि बसण्याची आज्ञा देणारा व ती पाळणारा एकच असतो. यात स्वातंत्र्य आहे, हे मान्य करावयास हवे: आपले घड्याळ आपणच लावतो. परंतु त्या पाच मिनिटांचे समर्थन आपण कसे करतो, हेही पाहावे. ‘थांबलो तर पुढचे अधिक चांगले होईल’ असेच बहुधा सांगतो. हा युक्तिवाद टेलरचा आहे. परीक्षेच्या तयारीत तो चालून जातो, पण वाङ्मयाच्या अभ्यासात अपुरा पडतो. एखादी कविता वाचून खिडकीबाहेर पाहत राहणे हे पुढच्या पंचवीस मिनिटांची पूर्वतयारी असेलच असे नाही. त्या वेळी कविता मनात उतरत असते, आणि ते पाच मिनिटांत पुरे होईल की तासाभरात, हे आधी सांगता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना ही पद्धत जरूर सांगावी, आणि तिच्यासोबत लोखंड्यांच्या अर्ध्या तासाचा इतिहासही सांगावा. गिरणी कामगारांनी तो अर्धा तास मागितला तेव्हा त्यानंतर कापड किती अधिक निघेल, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली नव्हती. दमलेल्या माणसाला बसू द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपल्या विद्यार्थ्याला थकवा आला तर त्यालाही घटकाभर बसण्यासाठी याहून मोठे कारण द्यावे लागू नये, असे आम्हांस वाटते.