माथेरानमधील वाहतूक
रायगड जिल्ह्यातील माथेरान (उंची सु. ८०० मी.) या गिरिस्थानी रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता मोटारींना मज्जाव असून त्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने हे स्थळ प्रसिद्धीस आणले. त्या काळी डोंगर पायी, घोड्यावरून वा पालखीतून चढावा लागे. पीरभाय कुटुंबाने बांधलेली नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांत ७६२ मिमी. अंतर होते, हिच्या रुळांत ते अवघे ६१० मिमी. आहे. म्हणूनच तीव्र वळणे घेत ती सु. २१ किमी. ची चढण पार करू शकते. २००५ च्या अतिवृष्टीत मार्गाची मोठी हानी झाली. २००७ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली.

गावात मात्र घोडे व हातरिक्षा हीच साधने उरली. चढावर हातरिक्षा पुढून ओढावयाची व मागून ढकलावयाची, अशी रीत होती. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम घोषित झाला. वनश्री राखली गेली खरी; पण वृद्ध, रुग्ण व पर्यटक यांचा भार माणसांनीच वाहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांस अनुमती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षांची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांना मिळाव्यात, असे त्यात नमूद आहे. घोडेवाल्यांच्या संघटनांचा ई-रिक्षांना विरोध होता.