हिशेबी नोंदी आणि प्राचीन लिपींचे वाचन

अज्ञात लिपीतील लेखांमधून संख्याचिन्हे, मापे व बेरजा वेगळ्या काढून त्यांच्या आधारे त्या लेखांचा अर्थ लावण्याची पद्धत. द्वैभाषिक लेखाचा आधार नसलेल्या लिपींच्या अभ्यासात ती विशेष उपयोगी ठरली आहे. मेसोपोटेमिया, इराण व क्रीट येथील प्राचीन मृत्पट्टिका बहुतांशी कोठारांच्या आणि राजवाड्यांच्या हिशेबाच्या आहेत. भाषा अज्ञात असली, तरी त्यांतील बेरीज पडताळून पाहता येते.

पद्धत : एकच खूण जास्तीत जास्त किती वेळा येते व त्यानंतर कोणते नवे चिन्ह येते, यावरून संख्यापद्धती ठरते. संख्येलगतचे चित्रचिन्ह बहुधा जिन्नस दाखवते. शेवटची संख्या वरच्या संख्यांच्या बेरजेइतकी असेल, तर तिच्यामागचा शब्द ‘एकूण’ या अर्थाचा असणार, हे उच्चार न कळताही सांगता येते.

उरुक व सूसा : दक्षिण इराकमधील उरुक येथील आद्य कीलाक्षर पट्टिका इ.स.पू. सुमारे ३३०० ते ३००० या काळातील आहेत. त्यांच्या पुढच्या बाजूस फुटकळ नोंदी आणि मागे बेरीज, अशी मांडणी अनेकदा आढळते. मेंढ्या किंवा माणसे मोजताना १० लांबट ठशांचा एक गोल ठसा होतो. जव मापताना मात्र ६ लांबट ठशांचाच गोल ठसा होतो. म्हणजे चिन्हाचे मूल्य मालानुसार बदलते. धान्यमापनातील हे प्रमाण यरान फ्रीबर्ग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. पुढे हान्स निस्सेन, पीटर डामेरोव व रॉबर्ट एंग्लंड यांनी या विविध मापनपद्धतींची सविस्तर मांडणी केली. इराणमधील सूसा येथील आद्य एलामी पट्टिकांत जनावरे व मजूर यांच्यासाठी दशमान पद्धत वापरलेली दिसते.

लिनिअर बी : क्रीटमधील क्नोसस येथे १९०० मध्ये आर्थर एव्हान्स यांना या लिपीच्या पट्टिका मिळाल्या. तिचे आकडे दशमान आहेत : उभी रेघ १, आडवी रेघ १०, वर्तुळ १००. ॲलिस कोबर यांनी ‘एकूण’ या शब्दाच्या दोन रूपांचा अभ्यास केला. पुरुष व नर जनावरांच्या बेरजेपुढे एक रूप, तर स्त्रिया व माद्यांच्या बेरजेपुढे दुसरे रूप येते; म्हणजेच त्या भाषेत लिंगभेद होता. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी ती भाषा ग्रीक असल्याचे दाखवले, तेव्हा ही रूपे ‘तोसो’ व ‘तोसा’ अशी वाचता आली. ग्रीसमधील पायलॉस येथे कार्ल ब्लेगन यांना सापडलेल्या भांड्यांच्या यादीने या वाचनाला पुष्टी मिळाली. तीत तिवईच्या चित्रालगत ‘तिरिपोदे’ हा शब्द व २ हा आकडा आहे. चार, तीन आणि शून्य कानांच्या भांड्यांपुढेही त्या त्या अर्थाची ग्रीक विशेषणे आहेत.

लिनिअर ए : लिनिअर बीहून जुन्या या लिपीची भाषा अद्याप अज्ञात आहे. एमेट बेनेट यांनी १९५० मध्ये दोन्ही लिपींच्या हिशेबातला फरक स्पष्ट केला : लिनिअर बी लहान मापे वापरते, तर लिनिअर ए अपूर्णांकांची चिन्हे. क्रीटमधील हागिया त्रिआदा येथील ८५ क्रमांकाच्या पट्टिकेच्या एका बाजूवर १२, १२, ६, २४, ५, ३ व ४ अशा नोंदी असून शेवटी ‘कुरो’ ६६ आहे. बेरीज तंतोतंत जुळते, म्हणून ‘कुरो’ म्हणजे एकूण. पट्टिका क्र. १२२ वर दोन बाजूंच्या बेरजा ३१ व ६५ आहेत, पण महाबेरीज ९७ लिहिली आहे. म्हणजे हिशेब नेहमी जुळतोच असे नाही. म्हणून अनेक पट्टिका ताडून पाहाव्या लागतात.

मर्यादा : संख्यांवरून जिन्नस, माप व बेरीज कळते, उच्चार कळत नाहीत. हिशेबात क्रियापदे क्वचित येत असल्याने व्याकरणही फारसे हाती लागत नाही. लिनिअर ए चे उच्चार लिनिअर बी मधील सारख्या चिन्हांवरून घेतले जातात. सिंधू लिपीचे लेख सरासरी पाच चिन्हांचे असून त्यांतील काही रेघा संख्यादर्शक मानल्या जातात. परंतु नोंदी व त्यांची बेरीज असलेला लेख उपलब्ध नसल्याने तिला ही कसोटी लावता आलेली नाही.